बिनकेळीचे तीन दिवस

बायको गेल्यावर पुरुषमाणूस दोहोंपैकी एक करतो. वर्षाच्या आत दुसरं लग्न करतो, नाहीतर खोटं बोलायला लागतो. जीवरामभाऊंचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं, तेव्हा ते खोटं बोलायला लागले.

चोपड्याकडच्या त्यांच्या गावात जीवरामभाऊ केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. कुठल्या मळ्यातला माल तयार झाला, कुठल्या बागेत ट्रक आधी लावायचा, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. उन्हातान्हात राबलेलं काटक शरीर, आवाज मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. चमेलीबाई गेली आणि तो आवाज अर्ध्यावर आला. मुलगी दिपमाला धुळ्याला दिलेली, जावई ईश्वर एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घरात जीवरामभाऊ आणि एक गार चूल. दिपमालाने शेजारच्या भिकुबाईला गळ घातली आणि तिच्याकडून रोज डबा सुरू झाला. दोन भाकरी, भाजी, सोबत ठेचा.

तो डबा रोज टोळीतला सुपडू खायचा.

"मनं पोट भरेल शे, तू खाई ले," असं म्हणून जीवरामभाऊ डबा त्याच्यापुढे सरकवायचे. सुपडूनेही कधी नको म्हटलं नाही. देणाऱ्याला कारण विचारू नये, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

खरी गोष्ट अशी की भाकरीचा घास जीवरामभाऊंच्या तोंडात नुसता फिरायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पण खाली उतरायचा नाही. केळं मात्र उतरायचं. त्याला चूल नको, ताट नको, पाट नको. समोर बसून कुणीतरी वाढायचं आणि आता ते कुणीतरी नाही, ही आठवणही नको. घडातलं पिकलेलं केळं तोडलं, उभ्याउभ्या सोललं, संपवलं. दिवसभरात अशी किती होत, ते मोजायची त्या मुलखात पद्धत नाही. केळीच्या मळ्यात केळं खाणाऱ्याला कुणी जेवतो म्हणत नाही. वर्षभर एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निव्वळ केळ्यांवर जगला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी दिपमालाचा फोन यायचा.

"आबा, जेवनात का?"

"जेवनू ना. भाकर खाधी, भाजी खाधी."

"काय भाजी व्हती?"

मग जीवरामभाऊ त्या दिवशी सुपडूच्या बोटांना जो रंग दिसला असेल त्यावरून भाजी सांगायचे. खोटं बोलायलाही अक्कल लागते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिपमाला माहेरी आली आणि बापाला बघून दारातच थबकली. सदऱ्यात माणूस आहे की सदरा नुसता खुंटीला टांगलाय, कळेना. तिने मांडे केले, आमरस केला. जीवरामभाऊंनी मांड्याचा एक तुकडा रसात बुडवला आणि बराच वेळ तिथेच बुडवून ठेवला. भिकुबाईकडून तिला कळलं की भाऊंचं पोट वरचेवर बिघडतं, मध्येच तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, बसल्या जागी घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी तिने बापाची पिशवी भरली आणि त्यांना धुळ्याला नेलं.

डॉक्टर संघमित्रा मूळच्या अमळनेरच्या. वयाने दिपमालाएवढ्याच, पण बोलणं तोलूनमापून. त्यांनी साखर तपासली, थायरॉईड तपासलं, छातीचा फोटो काढला, क्षयाची शंका फेडून घेतली. सगळं नीट.

"जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं.

जीवरामभाऊ तोंड उघडणार, तोच दिपमाला म्हणाली, "जेवण व्यवस्थित आहे हो. दोन्ही वेळ भाकरी खातात. पण खाल्लेलं अंगीच लागत नाही."

डॉक्टरांनी जीवरामभाऊंकडे पाहिलं. इथे खरं बोलायला चांगली संधी होती. पण लेकीसमोर, वर्षभर रोज फोनवर जे सांगितलं ते सगळं खोटं होतं, असं कसं सांगणार? आणि सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही खात? त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाच देता येत नव्हतं. जीवरामभाऊंनी मान डोलावली.

घोड्याने पेंड खाल्ली ती इथे. व्यवस्थित जेवणारा माणूस वाळत जातो, वरचेवर जुलाब होतात, तोंड लाल होतं, म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात वेगळीच शंका आली. त्यांनी समजावून सांगितलं, "आबा, आपल्या शरीरात सेरोटोनिन नावाचा एक पदार्थ असतो. बहुतेक सगळा आतड्यात. अन्न पुढे ढकलायचं काम तो करतो. थोडासा मेंदूतही असतो, तिथे तो 'पोट भरलं, आता पुरे' असा निरोप देतो. चरबी साठवायची की जाळायची, यातही त्याचा हात असतो. उंदीर असो, म्हैस असो की माणूस."

"म्हैसलेबी ऱ्हास?" जीवरामभाऊंना त्यातल्या त्यात हेच रुचलं.

"म्हशीलाही. पण कधी कधी आतड्यात एखादी गाठ होते आणि ती गाठ हा पदार्थ वारेमाप तयार करते. मग जुलाब होतात, तोंड लाल होतं, माणूस झडतो. ती शंका काढून टाकू. चोवीस तासांची लघवी तपासायची. त्याआधी तीन दिवस आणि त्या दिवशी केळी, टोमॅटो, वांगी, अननस, अक्रोड खायचं नाही. विशेषतः केळी. नक्की?"

"नक्की," जीवरामभाऊ म्हणाले.

मळ्यात ट्रक खोळंबलेत, असं सांगून ते गावी परतले. पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर केळं तोंडात घातलं नाही. भिकुबाईची भाकरीही घातली नाही, कारण ती उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात घड उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हात आपोआप केळ्यांच्या पिकल्या फणीकडे गेला. डॉक्टर लोकांना पथ्य सांगायची सवयच असते, कुणी चहा बंद करतं, कुणी मीठ बंद करतं, त्याने काही आभाळ कोसळत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. केळ्यातही तोच पदार्थ भरपूर असतो आणि तो थेट तपासणीत उतरतो, हे त्यांना कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. त्यांनी फणी संपवली. तिसऱ्या दिवशीही संपवली. लघवी गोळा करायच्या दिवशीही संपवली.

मग तो प्लॅस्टिकचा कॅन ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर सांभाळत, ते एसटीने धुळ्याला निघाले. अमळनेरला एक अक्का शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या गाठोड्याकडे पाहिलं.

"तूप शे का भाऊ?"

"हा," जीवरामभाऊ म्हणाले.

"शुद्ध शे ना?"

"मना घरनंच शे."

धुळ्याला उतरेपर्यंत त्या अक्का भाव विचारत होत्या.

रिपोर्ट आला तेव्हा जीवरामभाऊ लेकीकडेच होते. आकडा पाहिजे त्याच्या कितीतरी पट वर. डॉक्टर संघमित्रांनी दिपमालाला बाजूला घेऊन सांगितलं की गाठीची शंका बळावली आहे, मुंबईला नेऊन मोठा स्कॅन करावा लागेल, गाठ सापडली तर ऑपरेशन. दिपमाला घरी आली ती भिंतीला धरून बसली. लपवायचं म्हणून बसली आणि रडायला लागली, त्यामुळे लपवणं राहून गेलं.

जीवरामभाऊंना सगळं कळलं. खरं सांगायचं तर त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. वर्षभर जे ओझं ओढत होते ते खाली ठेवायची वेळ आली, असंच वाटलं. चमेली गेली, आता आपणही जाऊ. पोर चार दिवस रडेल, मग सावरेल. त्या रात्रीही ते ताटावर बसले, भाकरी कुस्करली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडून त्यांनी हातगाडीवर आपली केळी खाल्ली.

परत आले तर स्वयंपाकघरातून काही आवाज नव्हता. ते पाणी प्यायला म्हणून आत गेले. दिपमाला ओट्याला टेकून उभी होती. केस विस्कटलेले, नजर खिडकीबाहेर, पण बाहेर काही बघत नव्हती. हातात अर्धं सोललेलं केळं. ते ती चवीने खात नव्हती, भूक लागली म्हणूनही खात नव्हती. नुसतं तोंडात ढकलत होती.

जीवरामभाऊ दारातच उभे राहिले. आरसा बघायला मिळाल्यासारखं झालं.

"हाई काय खास तू? भाकर नही का खाधी?"

मागून ईश्वर आला होता. तोच खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, तिने एकविरामातेला नवस बोललाय. तुमचा रिपोर्ट चांगला येत नाही तोवर अन्नाला शिवायचं नाही. नुसती केळी. माझं ऐकत नाही. तुम्हीच सांगा."

मोठं ऑपरेशन, मुंबई, मरण, यांतल्या कशानेही जीवरामभाऊंचं काळीज हललं नव्हतं. ते या एका केळ्याने हललं. रिपोर्ट चांगला कधी येणार? मुंबईला जाऊन? ऑपरेशन होऊन? की कधीच नाही? आपण मरून गेलो तर ही पोर काय करील? आपलं खोटं आपल्यापुरतं होतं असं ते समजत होते. ते लेकीच्या ताटापर्यंत येऊन पोहोचलं होतं.

"ठेव ते खाले," ते म्हणाले. आवाज चढला. "ठेव म्हंतस ना!"

दिपमाला दचकली. केळं ओट्यावर ठेवलं.

"मी खोटं बोलनू," जीवरामभाऊ म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसले. "वरीसभर खोटं बोलनू. तो बठ्ठा डबा सुपडू खाये. माले भाकर उतरत नही. मी फक्त केया खास. दुसरं काहीच नही."

"किती दिवस?"

"तुनी माय गयी तव्हयपाईन."

दिपमालाच्या डोक्यात कुठेतरी लख्ख झालं. "आबा, त्या तीन दिवसांत? लघवी दिली त्या दिवशी?"

"हा."

"डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं ना!"

"मंग काय खाऊ? उपाशी मरू?"

यावर दिपमाला जी भडकली, ते सांगण्यात अर्थ नाही. बापाला मुलगी जे कधी बोलत नाही ते सगळं बोलली. तो म्हातारा, तो डबा, तो सुपडू, ती भिकुबाई, कुणालाच सोडलं नाही. ईश्वर हळूच वर्कशॉपला निघून गेला. बोलून बोलून दमली तेव्हा बापाशेजारी खाली बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. जीवरामभाऊही रडले. चमेली गेली त्या दिवशी लोकांसमोर रडायचे राहून गेले होते.

डॉक्टर संघमित्रांनी ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"आबा, मी तुम्हाला मुंबईला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पाठवणार होते!" मग त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला. "केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून तर बंद केली होती. हे आधी सांगायला हवं होतं मी. चोपड्याचा माणूस आणि मी त्याला नुसतं 'केळी खाऊ नका' म्हणून सोडला! पण घाईने आनंद नको. गाठ नाहीच, असं मी अजून म्हणणार नाही. तपासणी पुन्हा करू. पथ्य कडक. आणि आता मुक्काम लेकीकडे."

तीन दिवस. टोळीच्या मुकादमाने आयुष्यात बरीच अवघड कामं केली होती, पण असं अवघड काम केलं नव्हतं. केळं नाही, म्हणजे भाकरी खावीच लागणार. आणि समोर कोण बसलेली? दिपमाला. नवस सुटला नव्हता. देवीला बोललेला शब्द बापाने खोटं बोललं म्हणून फिरत नाही, असं तिचं म्हणणं. केळ्यांचं नाव निघालं तरी आता जीवरामभाऊ डोळे वटारायचे, म्हणून ती दूध आणि शेंगदाण्यांवर आली होती. तिने कळण्याची भाकरी केली, ज्वारी-उडदाची, उडदाची डाळ केली, ताट वाढलं आणि पदर सावरून पुढ्यात बसली.

"मी एकला नही खावाव. तूबी खाय."

"तुमचा रिपोर्ट आला की खाईन."

"देवीले मी सांगस. मना गुन्हा शे."

"देवीला काय सांगायचं ते पोटाने सांगा," दिपमाला म्हणाली. "तुम्ही खाल तर खरा रिपोर्ट येईल. खरा रिपोर्ट आला तर मी जेवीन. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

पोरगी आईवर गेली होती.

जीवरामभाऊंनी घास घेतला. तो नेहमीसारखा तोंडात फिरला. वर्षभर ते याच क्षणी पळ काढत आले होते. समोर कुणीतरी बसलंय आणि ते चमेली नाही, हे बघायचं टाळत आले होते. आता उठायची सोय नव्हती. त्यांनी समोर पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, त्या सगळ्यासकट त्यांनी घास चावला आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला. भाकरीचा पुढचा तुकडा मोडून दिपमालाने डाळीत बुडवला आणि त्यांच्या ताटात ठेवला.

त्या जेवणाला अर्धी दुपार लागली. चतकोर भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी. गोडी नव्हती, भूक नव्हती, औषध घ्यावं तसे ते घास घेत होते. पण घेत होते. तिसऱ्या दिवशी ईश्वरने विचारलं, "कसं वाटतंय बाबा?" तर म्हणाले, "माती खावासारखं. पन पोरगी उपाशी शे."

दुसरा रिपोर्ट आला. आकडा जिथे असायला हवा तिथेच. डॉक्टरांनी आपल्या समाधानासाठी पोटाची सोनोग्राफीही करून घेतली. काही नाही. गाठ केळीच्या घडाला होती, आबांच्या पोटात नाही, असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. त्या दुपारी दिपमाला एकविरेला जाऊन आली, आणि घरी येऊन इतकी जेवली की ईश्वरने पीठ पुरेल का म्हणून डब्यात डोकावून पाहिलं.

पण जीवरामभाऊंची भूक? ती अजून बेपत्ताच होती.

"मॅडम, एक इचारू का?" ते डॉक्टरांना म्हणाले. "केयामा एवढं ते सेरो-काय शे, अन् मी वरीसभर केया खाधात. मंग मनं डोकं कसाले सुधरनं नही?"

"कारण ते पोटातून रक्तात जातं, रक्तातून लघवीत जातं, पण डोक्यात शिरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूच्या दारावर कडक पहारा असतो. बाहेरचं सेरोटोनिन आत सोडत नाहीत. मेंदूला लागतं तेवढं तो स्वतःच घरात बनवतो." त्यांनी कागद पुढे ओढला. "आबा, माणूस गेल्याचं दुःख होणारच. पण तुमचं दुःख आता आजार झालंय. झोप नाही, चव नाही, छाती धडधडते, तोंड तापतं. याच्यावर गोळी आहे. मेंदूतलं सेरोटोनिन जिथल्या तिथे जास्त वेळ टिकवते. सुरुवातीला मळमळेल, भूक आणखी कमी होईल. घाबरून बंद करायची नाही. काही आठवडे लागतात."

"आधीच भूक नही, अन् गोयी खाईसन आखो कमी?"

"हो. कारण भूक कमी करायचं कामही तेच करतं आणि मन उचलून धरायचं कामही तेच. नेमकं कसं, ते अजून शास्त्राला पुरतं उलगडलेलं नाही. पण मन उठलं की मागोमाग भूक येते, हे मी पाहिलंय. आणि यापुढे मला खोटं सांगायचं नाही."

"नही सांगाव," जीवरामभाऊ म्हणाले. या वेळी मात्र मान न डोलावता म्हणाले.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळलं, घेरी आली, गोळी फेकून द्यावी असं रोज वाटलं. त्यांनी ते रोज लेकीला खरं खरं सांगितलं. दिपमालाने त्यांना गावी जाऊ दिलं नाही. सुपडूचा फोन आला, टोळीत गोंधळ चाललाय म्हणाला, तर ते पडल्या पडल्या त्याला कुठला ट्रक कुठे लावायचा ते सांगू लागले. मग एका रात्री सलग झोप लागली. मग केव्हातरी गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटकडे ते बराच वेळ बघत बसले. चमेलीचं नाव न अडखळता घेतलं. जेवण मात्र अजून कर्तव्य म्हणूनच चाललं होतं. वाढलेलं खायचे, उठायचे. 'चांगलं झालंय' नाही, 'बिघडलंय' नाही. काहीच बोलायचे नाहीत. दिपमालाने मुद्दाम तिखट केलं तरी नाही, गोड केलं तरी नाही.

आषाढातली एक दुपार होती. दिपमालाची कामाची घाई चालली होती. तिने डाळ-भाकरी वाढली आणि ती तव्याकडे वळली. जीवरामभाऊंनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. कपाळाला आठी पडली.

"डायमा मीठ शे का नही वं?"

दिपमालाची भाकरी तव्यावर तशीच राहिली. ईश्वरही जेवता जेवता थांबला. दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्याने भांडण सुरू झालं असतं. दिपमालाने डाळीत बोट बुडवून चाखलं. खरंच मीठ नव्हतं. ईश्वरने अर्धी वाटी डाळ संपवली होती, त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आबांच्या लक्षात आलं होतं.

"आणते," एवढंच ती म्हणाली आणि मिठाची बरणी काढायला आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आतून तोंडात पदर कोंबून रडल्याचा, की हसल्याचा, आवाज येत होता. ईश्वर उठू लागला, पण जीवरामभाऊंनी त्याला हाताने बसवलं आणि आतल्या दिशेने हाक मारली. वर्षभर अर्ध्यावर आलेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"काय वं, मीठ जात्यावर दयी ऱ्हायनी का? लवकर ये. माले भूक लागनी शे."